प्रथिनाची गाठ उजळवणारा रंग

कंपवातात मेंदूच्या पेशींत अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाचे पुंजके साचतात. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक समीर माजी यांचा गट हेच साचणं अभ्यासतो. असे पुंजके टिपायला जगभर थायोफ्लेविन-टी हा पिवळा रंग वापरतात. पाण्यात त्याच्या रेणूचे दोन भाग सांध्याभोवती मोकळे फिरतात आणि घेतलेली ऊर्जा त्यातच खर्च होते. प्रथिनाच्या तंतूवरल्या खाचेत रेणू अडकला, की फिरणं थांबतं. मग निळा प्रकाश टाकताच तो सुमारे ४८२ नॅनोमीटरवर निळसर-हिरवा लख्ख उजळतो. सुरुवातीचे छोटे पुंजके मात्र त्याला सहसा सापडत नाहीत, आणि पेशींना जास्त घातक तेच, असं अनेक संशोधक मानतात. या छोट्या पुंजक्यांना हेरणाऱ्या रंगाचा शोध मला म्हणूनच सर्वांत निकडीचा वाटतो.