भलत्या माणसाच्या प्रेमाची गोष्ट

(शताब्दी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



शताब्दीच्या व्यासपीठावरून एखाद्या भारदस्त ग्रंथाविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज एका हलक्याफुलक्या कादंबरीविषयी बोलणार आहे. सुटीत परदेशी गेलेली मुलगी, तेथे भेटलेला भलताच तरुण आणि वडीलधाऱ्यांची उडालेली तारांबळ, एवढाच तिचा विषय. अशा कादंबऱ्या वाचनालयातून हौसेने नेल्या जातात. पण नेताना वर एखादा निबंधसंग्रह ठेवून त्या झाकल्याही जातात. आज ते वरचे पुस्तक जरा बाजूला ठेवू.

कादंबरीचे नाव ‘अ रूम विथ अ व्ह्यू’, लेखक ई. एम. फॉर्स्टर, प्रकाशन १९०८ सालचे. फॉर्स्टर आपल्या माळव्याला परका नाही. १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस म्हणून तो काही महिने तेथे राहिला. त्या दिवसांवर त्याने १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. देवासला पाहिलेला गोकुळअष्टमीचा उत्सव त्याच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या १९२४ च्या कादंबरीत उतरला आणि त्या प्रसंगात तुकोबांचे नावही घुमले. परंतु हा सारा पुढचा, गंभीर फॉर्स्टर. आजची कादंबरी आहे ती तिशीच्या आतल्या, मिस्कील फॉर्स्टरची.

ल्यूसी हनीचर्च ही इंग्लंडच्या सरे परगण्यातील वकिलाची मुलगी. नात्यातली वयस्क, अविवाहित बहीण शार्लट हिच्या देखरेखीखाली ती फ्लॉरेन्सला येते. आर्नो नदीचे दर्शन घडवणाऱ्या खोल्या कबूल केलेल्या असतात; मिळतात त्या मागच्या चौकाकडे तोंड असलेल्या. जेवणाच्या टेबलावर ही कुरकूर ऐकून इमर्सन नावाचे वृद्ध गृहस्थ म्हणतात, आमच्या खोल्यांतून नदी दिसते, त्या तुम्ही घ्या. झाले! ओळखदेख नसताना पुरुषांच्या खोल्या घ्यायच्या कशा, या प्रश्नाने शार्लट हवालदिल होते. साध्या चांगुलपणाची सभ्य माणसांना केवढी भीती वाटते, हे लेखकाने पहिल्याच प्रकरणात हसत हसत दाखवले आहे.

वृद्धाचा मुलगा जॉर्ज रेल्वेच्या कचेरीत नोकरीला. घराणे नाही, धर्माचरण नाही, मोजके बोलण्याची रीत नाही. म्हणजे सर्व बाजूंनी भलता माणूस. भर चौकात एक खून पाहून ल्यूसीला मूर्च्छा येते, तेव्हा सावरायला हाच जवळ असतो. पुढे फिएसोलेच्या टेकडीवर, फुललेल्या व्हायोलेटच्या ताटव्यात तो तिचे चुंबन घेतो. शार्लट ते पाहते आणि दुसऱ्याच दिवशी ल्यूसीला घेऊन रोम गाठते.

सरेला परतल्यावर ल्यूसीचा वाङ्‌निश्चय होतो तो सेसिल व्हाइसशी. श्रीमंत, सुसंस्कृत, कलेचा जाणकार. दोनदा नकार मिळूनही तिसऱ्यांदा मागणी घालण्याची चिकाटी असलेला. वधूवरसूचक पत्रिकेत शोभावा असा वर! पण त्याला ल्यूसी हवी आहे ती चित्रासारखी. पाहावी, वाखाणावी आणि भिंतीवर असावी. आणि गंमत अशी, की थट्टेखातर इमर्सन पितापुत्रांना त्याच गावात भाड्याने घर मिळवून देतो तो हा सेसिलच.

मग भलता माणूस कोणता? समाजाच्या हिशेबाने जॉर्ज. लेखकाच्या हिशेबाने सेसिल. परंतु कादंबरी येथेच थांबली असती, तर ती चार घटका करमणूक करून गेली असती. फॉर्स्टर एक पाऊल पुढे जातो. अखेरच्या भागातील सलग चार प्रकरणांना त्याने ल्यूसीच्या खोटे बोलण्यावरून नावे दिली आहेत. ती जॉर्जशी खोटे बोलते, सेसिलशी बोलते, मग पाद्री, आई, भाऊ आणि नोकरचाकरांशी, शेवटी वृद्ध इमर्सनशी. आणि ही सारी खोटी स्वतःशी बोललेल्या एका खोट्याची पिल्ले असतात. भलत्या माणसावर प्रेम जडणे ही चूक नव्हे. जडलेले प्रेम स्वतःपासून लपवणे ही चूक, असा या हसऱ्या कादंबरीचा कठोर निवाडा आहे.

सुखही येथे फुकट मिळत नाही. अखेरीस ल्यूसी आणि जॉर्ज लग्न करून त्याच फ्लॉरेन्सला, त्याच वास्तूत परततात. पण आईने अद्याप क्षमा केलेली नसते. तेथे जॉर्जला एक शंका येते. ल्यूसी आणि त्याचे वडील यांची निर्णायक भेट झाली, ती टाळणे शार्लटच्या हाती होते. वृद्ध गृहस्थ आत बसले आहेत, हे तिला ठाऊक होते आणि तरीही ती गप्प राहिली. जन्मभर दारे लावून घेणाऱ्या बाईने एक दार उघडे ठेवले!

वाचकहो, येथे थोडे खाजगी बोलते. तरुणपणी ही कादंबरी वाचली, तेव्हा मी ल्यूसी होते. पुढे माझ्या मुलीने आमच्या मनात नसलेला मुलगा निवडला. मी वर्षभर तिच्याशी धड बोलले नाही. त्या वर्षात हेच पुस्तक याच वाचनालयातून पुन्हा नेले आणि पानापानावर मला शार्लट भेटली. तिचा आवाज तर हुबेहूब माझाच होता. शेवटचे प्रकरण संपवून मी मुलीला पत्र टाकले. पुस्तकाने माझे मन वळवले, असा दावा मी करत नाही. मन वळलेलेच असावे; मीही स्वतःशी खोटे बोलत होते, एवढेच त्याने दाखवून दिले.

१९८५ साली या कादंबरीवर इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांनी देखणा चित्रपट काढला. रूथ प्रॉअर झाबवाला यांच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. तो जरूर पाहावा. पण आधी पुस्तक वाचावे. १९५८ मध्ये वृद्ध फॉर्स्टरने या पात्रांच्या पुढील आयुष्यावर एक छोटा लेखही लिहिला. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉर्ज ती खोली शोधत फ्लॉरेन्सला जातो, पण ते घर त्याला ओळखता येत नाही. खोली हरवते, खिडकीतून दिसलेले मात्र उरते.

ग्रंथालयाचे कार्य तरी याहून निराळे काय असते? आपल्या वाट्याला बहुधा चौकाकडची खोली येते. कोणी अनोळखी लेखक म्हणतो, माझ्या खोलीतून नदी दिसते, ती तुम्ही घ्या. संकोच न करता ती घ्यावी. अशा कित्येक खोल्या शंभर वर्षे उघड्या ठेवणाऱ्या या संस्थेला वंदन करते आणि माझे भाषण संपवते.