कोंबडीआधी खाद्याचा हिशेब



 आमचा नाशिक जिल्हा द्राक्षं आणि कांद्यासाठी प्रसिद्ध. पण आजच्या विषयाशी जास्त जवळचं नातं आहे ते येवला-लासलगावच्या मक्याचं. हाच मका खाद्य कारखान्यातून आपल्या शेडमध्ये येतो.

कोंबडीच्या मांसाचा पर्यावरणावर जो भार पडतो, त्याचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा, असं अभ्यास सांगतात. शेडची वीज, वाहतूक, कत्तलखाना हे सगळं त्यानंतर. दोन किलोचा ब्रॉयलर तयार व्हायला साधारण सव्वातीन किलो खाद्य लागतं. त्यात दोन किलोच्या आसपास मका आणि पाऊण ते एक किलो सोयापेंड. मक्याला युरिया लागतो, युरियाला नैसर्गिक वायू. आणि शेतात टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशे पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणजे पिल्लू शेडमध्ये उतरण्याआधीच हिशेब सुरू झालेला असतो.

आणि तो शेडमध्येही चालूच राहतो. थंडीत पहाटे पडदे वर केले की डोळे चुरचुरतात, हे आपल्याला नवं नाही. तो अमोनिया म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेली, पण मांस न बनता लिटरमध्ये, म्हणजे शेडमधल्या भुश्याच्या थरात, गेलेली प्रथिनं. मक्या-सोयातला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो, तो कोंबडीला पचत नाही. फायटेज एन्झाइम घातलं की त्यातला बराच भाग उपयोगी येतो. लायसिन, मेथिओनिन ही अमिनो आम्लं नेमकी मोजून दिली तर पेंड कमी लागते. आणि खाद्याच्या भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवली तर सांडलवंड थांबते, त्याला तर पैसाही लागत नाही.

दहा हजार पक्ष्यांच्या बॅचमध्ये एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागणारं खाद्य, ०.१ ने उतरला तर दोन टन खाद्य वाचतं. त्यातला मका म्हणजे साधारण एका कोरडवाहू एकराचं पीक. इथवर खिसा आणि पर्यावरण एकाच बाजूला आहेत.

पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. एफसीआर उत्तम असेल, पण पेंड जंगल तोडलेल्या जमिनीवरची असेल तर? ब्राझीलमधल्या व्यापाऱ्यांना २००६ मध्ये ॲमेझॉनच्या तोडलेल्या जंगलातला सोया न घेण्याचा करार करावा लागला, तो याच प्रश्नामुळे. आपली पेंड बहुतांश मराठवाडा, विदर्भ आणि माळव्यातल्या सोयाबीनची. पण २०२१ मध्ये भाव भडकले, तेव्हा सरकारने १२ लाख टन जनुक-सुधारित सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली. मक्यावर आता इथेनॉलचाही हक्क सांगितला जातो. उद्या खाद्य कुठून येईल, हे आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

आणि ते शेतकऱ्याच्या हातातही नाही. करार पद्धतीत पिल्लं कंपनीची, औषधं कंपनीची, खाद्यही कंपनीचं. शेतकऱ्याचा मोबदला एफसीआरवर ठरतो, पण खाद्य निवडण्याचा अधिकार त्याला नाही. खाद्याच्या गोणीवर प्रथिनांचं प्रमाण छापलेलं असतं. मका आणि पेंड कुठली, हे नसतं. ते छापलं जावं, असा ठराव या कुक्कुटपालन परिषदेने करावा, ही यजमान म्हणून माझी मागणी आहे. खाद्य कारखानदार मंडळी आज समोरच बसली आहेत. त्यांनी अडचणी मोकळेपणाने मांडाव्यात, आम्ही ऐकायला तयार आहोत.