कशावरून म्हणता?

उन्हातान्हात, हॉर्नच्या आवाजावर आपला आवाज चढवत लोकांना शहर दाखवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने आपल्या व्यवसायाचे गोडवे गावेत, अशी प्रथा आहे. ती आज मी बाजूला ठेवतो, कारण मिळालेल्या वेळात मला एकच मुद्दा नीट मांडायचा आहे. पुण्यामुंबईत हेरिटेज वॉक आता चांगलेच रुळले आहेत. मागणी वाढली तसे गाईड घडवणारे वर्गही निघाले. त्या वर्गांत साधारणपणे सनावळी पाठ करून घेतात, आवाज आणि हावभाव घडवतात, पाहुण्यांशी कसं वागावं ते सांगतात. हे सगळं लागतंच. पण शहर पायी दाखवणाऱ्याच्या शिक्षणाचा कणा वेगळा आहे, असं माझं म्हणणं आहे. आपण जे सांगतो ते आपल्याला कशावरून ठाऊक झालं, हे श्रोत्यालाही कळेल अशा रीतीने सांगता येणं, हा तो कणा. समोर काय दिसतं, कागद काय म्हणतो, लोक काय सांगत आले, आणि आपण स्वतः काय अंदाज बांधतो, या चार गोष्टी एकमेकींत मिसळू न देता बोलायला शिकणं हेच खरं प्रशिक्षण. बाकीचं त्याच्याभोवती उभं करता येतं.

उदाहरणाला शनिवारवाडाच घेऊ. प्रत्येकाने कधी ना कधी तिथे घसा कोरडा केलेला आहे. १० जानेवारी १७३० रोजी बाजीरावाने पाया घातला, १७३२मध्ये वास्तुशांत झाली, १८२८च्या आगीत आतले महाल जळाले. इतकं कोणीही पाठ करतो. आता दिल्ली दरवाज्यापाशी उभं राहून तटाकडे पाहावं. खाली दगड आहे, वर वीट आहे. हे दिसतं, त्याला पुरावा शोधायला नको. त्याचं कारण म्हणून सांगितलं जातं की दगडी किल्ला बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून पेशव्यांनी दगडाचं काम अर्ध्यावर थांबवून वर वीट चढवली. ही परंपरा आहे. बरेच गाईड पहिलं आणि दुसरं एका दमात, एकाच सुरात सांगतात आणि ऐकणारा दोन्ही गोष्टी सारख्याच खात्रीच्या समजून घरी नेतो. शिकलेला गाईड इथे क्षणभर थांबतो. आधी लोकांना दगड आणि वीट स्वतः शोधू देतो, मग म्हणतो की कारण असं सांगतात. ‘असं सांगतात’ या दोन शब्दांनी गोष्टीची रंगत काडीइतकीही कमी होत नाही.

याच वाड्याची दुसरी गोष्ट ससा आणि कुत्र्याची. या जागी सशाने कुत्र्याचा पाठलाग केलेला बाजीरावाने पाहिला आणि भूमी पराक्रमाची आहे हे ओळखून इथेच वाडा बांधायचं ठरवलं, असं सांगतात. पोरंसोरं डोळे विस्फारून ऐकतात. पण साबरमतीच्या काठी अहमदशहाने असाच ससा पाहिला आणि अहमदाबाद वसवलं, हे गुजरातेत घरोघरी ठाऊक आहे. तुंगभद्रेच्या काठी विजयनगरच्या स्थापनेचीही हीच कथा. तीन राजवटी, तीन नद्यांचे प्रदेश आणि ससा एकच! एवढं कळल्यावर गाईडने ही कथा टाकून द्यावी का? मुळीच नाही. उलट आता त्याच्या हाती अधिक मोठी गोष्ट आली. नव्या सत्तेला आपली जागा निवडलेली नसून लाभलेली आहे असं सांगावंसं का वाटतं, आणि त्यासाठी एकच कथा गावोगाव कशी फिरते, हे तो सांगू शकतो. आपल्यावर नेहमी होणाऱ्या आक्षेपाला हे पहिलं उत्तर. आक्षेप असा की लोक रविवारी सकाळी करमणुकीला येतात, त्यांना पुरावा-बिरावा नको, गोष्ट हवी असते. गोष्ट हवी असते हे खरंच. पण चिकित्सेने गोष्ट मरते, हे गृहीतक तपासून पाहिलं तर टिकत नाही. मुंबईत ताजमहाल हॉटेलासमोर सर्रास सांगतात की इमारत उलटी बांधली गेली आणि त्या धक्क्याने वास्तुविशारदाने जीव दिला. वस्तुस्थिती अशी की मूळ आराखड्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य इमारत पुरी होण्याआधी १९०० साली वारले, डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम तडीस नेलं, १९०३मध्ये हॉटेल उघडलं आणि मूळ प्रवेश आज जिकडे पोहण्याचा तलाव आहे त्या बाजूने होता. एक मराठी वास्तुविशारद, त्याचं अर्धवट राहिलेलं काम आणि नंतर बदललेला दरवाजा. हे सांगायचं सोडून आत्महत्येचं किटाळ का सांगावं, हे मला तरी समजत नाही.

काही दंतकथा मात्र निरुपद्रवी नसतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. आनंदीबाईंनी आज्ञेतलं एक अक्षर बदललं ही कथा बखरींतून आणि पुढच्या लेखनातून आपल्यापर्यंत आली, आणि भाषेत म्हण म्हणून कायमची बसली. गाईड ती अभिनयासह करतो, टाळ्या मिळतात, आणि एका बाईवर खुनाचा ठपका पुन्हा एकदा, खुल्या मैदानात, शंका न घेता ठेवला जातो. खून झाला हे निश्चित, गारदी वाड्यात शिरले हे निश्चित. अक्षर कोणी बदललं याची खात्री त्या दर्जाची नाही. हा फरक सांगायला फार तर अर्धं मिनिट लागतं.

ही शिस्त आपल्याला बाहेरून आणायची नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहा. चक्रधरस्वामी कुठे उतरले, कुठे बसले, ते स्थान गावाच्या कोणत्या अंगाला, हे दिशांसकट नोंदवणारा हा ग्रंथ मराठीच्या अगदी आरंभीच्या काळातला आहे. जागेवर उभं राहून, दिशा सांगून बोलायची सवय तेव्हापासूनची आहे. पुढे गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं, ना. वि. जोशींनी १८६८मध्ये ‘पुणे शहराचे वर्णन’. दोघेही आपापल्या शहरात डोळे उघडे ठेवून हिंडलेले होते. आणि कागदाचं म्हणाल तर पुण्यासारखं भाग्यवान शहर विरळाच. पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत, इतिहासकार सरदेसायांनी त्यातले निवडक ४५ भागांत छापले, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून उभं आहे. प्रत्येक गाईडने मोडी वाचावी असा माझा हट्ट नाही. पण छापील खंडातलं एक पत्र काढून, ते कोणी कोणाला कधी लिहिलं आणि लिहिणाऱ्याला त्यात काय साधायचं होतं, एवढं विचारण्याचा सराव प्रशिक्षणात नसेल, तर त्याला प्रशिक्षण कशाला म्हणायचं?

यावर गंभीर आक्षेप येतो तो वेगळाच, आणि तो मी हलका मानत नाही. तो म्हणजे, असं कडक शिक्षण मागितलं की धंदा शिकल्यासवरल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, सवड असलेल्या लोकांच्या हाती जाईल, आणि ज्या आळीत आपण लोकांना नेतो त्या आळीतला मुलगा बाहेर राहील. युरोपच्या २००८च्या मानकात गाईडसाठी किमान ६०० तासिका सांगितल्या आहेत, त्यातल्या ४० टक्के प्रत्यक्ष कामाच्या. आपल्याकडे ६०० तासिका कोण भरणार, आणि तोवर त्याचं घर कसं चालणार? आक्षेप रास्त आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने ऑनलाइन अभ्यासक्रम आणला तो लहान गावातल्या मुलांना सोयीचा आहे, हेही मान्य. पण पडद्यावर सनावळी तपासता येते. भर रस्त्यात वीस माणसं कुठे उभी करायची, ऊन कोणाच्या डोळ्यांवर येतं, दुकानदाराची दारं अडताहेत का, हे तपासता येत नाही. त्या मानकातून उचलायचंच तर ४० टक्क्यांचं तत्त्व उचलावं. आणि आळीतल्या मुलाबद्दल माझं मत नेमकं उलट आहे. मी म्हणतो ती शिस्त त्याला बाहेर ढकलत नाही, त्याच्याजवळ जे आहे त्याला किंमत देते. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी आपल्या वाड्यात कुठपर्यंत चढलं, कोण कुठे आसऱ्याला गेलं, हे त्याच्या आजीच्या तोंडून त्याने ऐकलेलं असतं. ही साक्ष आहे. तिला साक्ष म्हणूनच सादर करायला तो शिकला, की दफ्तरातल्या कागदाशेजारी ती ताठ मानेने उभी राहते. स्मारकांच्या आणि वारशाच्या सादरीकरणाविषयी २००८ साली स्वीकारलेल्या ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सनदेतही तोंडी साक्षींना स्थान आहे, अभ्यासाच्या शिस्तीसह. आणि आळीला किंमत द्यायला कुठल्या दर्जाची वाट पाहावी लागत नाही. अहमदाबादच्या महापालिकेने १९९७पासून कालूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतचा वॉक चालवला. तो तिथल्या पोळांतून, राहत्या वस्तीतून जातो. शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो २०१७मध्ये, म्हणजे चालणं आधी आणि दर्जा नंतर.

राहत्या वस्तीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, जरी ती मुद्द्याच्या थोडी कडेने जाते. कसब्यातल्या तांबट आळीत आपण लोकांना नेतो. तिथे तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चाललेलं असतं, म्हणजे ठोक्याला ठोका जुळवत पृष्ठभाग उठवण्याचं काम. तिथे गाईडने बोलू नये. ज्याच्या हातात हातोडा आहे त्याला विचारून, तो बोलला तर त्याला बोलू द्यावं. न बोलला तर पुढे निघावं. माणूस प्रदर्शनात मांडलेला नाही. कामाची वेळ मोडली तर त्याचे पैसे बुडतात, हेही लक्षात असू द्यावं. कशावरून ठाऊक, हा प्रश्न इथेही लागू आहे. कारागिरीबद्दल कारागिरापेक्षा जास्त ठाऊक असल्याचा आव गाईडने आणला, की तो त्याच क्षणी उघडा पडतो.

फोनवरच्या ध्वनिफिती आणि ॲप आल्यावर गाईडची गरजच काय, असंही विचारतात. त्यावर फार वेळ घालवत नाही. रेकॉर्ड केलेला आवाज ज्या कमानीबद्दल बोलतो, तिच्यावर आज कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला आहे, हे त्याला दिसत नसतं. आणि जे उरलंच नाही ते दाखवणं तर आणखी अवघड. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८मध्ये जिथे मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३मध्ये पाडला गेला. समोर दगडूशेठ गणपतीला गर्दी उसळलेली असते, या बाजूला बहुतेकांची पाठ असते. इथे उभं राहून गाईडला न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलावं लागतं आणि म्हणूनच त्याचा प्रत्येक शब्द कागदाच्या आधाराने यावा लागतो. दृश्य साथ देत नाही तिथे शिक्षण कळतं.

शेवटचा आक्षेप भीतीचा आहे. वादाच्या जागी, मंदिर की दर्गा, कोणाचं आधी, असे प्रश्न गर्दीतून येतात. तिथे चिकित्सा करणाऱ्या गाईडला मार बसेल, असं म्हणतात. बसू शकतो, मी नाकारत नाही. पण ठाम, भडक, एकतर्फी बोलणारा गाईड तरी सुरक्षित असतो का? कागद इथपर्यंत सांगतो, परंपरा असं सांगते, यापुढे मी काही म्हणत नाही, असं म्हणणाऱ्याला निदान परत जायची वाट असते. ती पुरेशी नाही. म्हणून संयोजक संस्थांनी आपल्या गाईडच्या पाठीशी लेखी उभं राहावं, त्याने काय सांगायचं ते आधी मिळून ठरवावं, आणि तक्रार आली तर त्याला एकट्याला पुढे करू नये.

आता या सभेपुढे माझा ठराव. प्रमाणपत्राची शेवटची परीक्षा वर्गात न घेता कोणत्याही एका पेठेतल्या दोनशे पावलांच्या रस्त्यावर घ्यावी. उमेदवाराला रस्ता आदल्या आठवड्यात सांगावा, आणि परीक्षेत प्रत्येक विधानानंतर परीक्षकाला एकच प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा: कशावरून? उत्तर ‘दिसतंय’ असलं तरी चालेल, ‘माझी आजी सांगायची’ असलं तरी चालेल. ‘सगळेच सांगतात’ हे चालू नये. परीक्षक तीन असावेत. एक इतिहास जाणणारा, एक अनुभवी गाईड, आणि तिसरा त्याच रस्त्यावर राहणारा किंवा दुकान चालवणारा. तिघांनाही सारखं मानधन द्यावं.