मदरबोर्ड बदलण्यापूर्वीं

संगणकाचा मदरबोर्ड व प्रोसेसर बदलला, कीं विंडोज पुन्हा बसवावीच लागते, असा समज रूढ आहे. २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्सपीच्या बाबतींत तो बराचसा खराही होता. नव्या बोर्डावरील डिस्क-नियंत्रक तिला ओळखूं न आल्यास संगणक सुरूच होत नसे. विंडोज ११ मात्र नवें यंत्र बहुधा स्वतःच ओळखते. तरीही जुने ड्रायव्हर मागें राहूं नयेत म्हणून अनेकजण नव्यानेंच स्थापना करतात.

खरा धोका निराळा आहे. डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असेल, तर त्याची किल्ली टीपीएम या भागांत जपलेली असते, आणि हा भाग मदरबोर्डावर किंवा प्रोसेसरांत असतो. तो बदलतांच संगणक ४८ अंकांची पुनर्प्राप्ति-किल्ली मागतो. ती हातीं नसेल, तर मुलांचीं छायाचित्रें, घरचे हिशेब, सारें डिस्कवर असूनही नसल्यासारखेंच. हरवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टलाही नव्यानें घडवितां येत नाहीं.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातीं घेण्यापूर्वीं दोन कामें उरकावीं. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. आणि ते ४८ अंक कागदावर उतरून, तो कागद संगणकापासून दूर, कपाटांत ठेवावा.