नोकरी सांभाळून विषय कोणता घ्यावा?

श्रोतेहो, बारावी झाली, घरची ओढाताण म्हणून नोकरी धरली, आणि आता वाटते की पदवीही घ्यावी. सानगडीसारख्या गावांत अशी मुलेमुली पुष्कळ आहेत. प्रवेशाचा फॉर्म हाती आला की त्यांचे अडते ते विषयापाशी.

काम करून शिकणे काही नवे नव्हे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरदारांच्या सोयीसाठी वर्ग सकाळी भरवले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले आणि घरी राहून पदवी घेण्याची वाट मिळाली. वाट मिळाली खरी. पण आपल्याला झेपेल तो विषय आपणच ठरवायचा असतो.

समजा, आपल्या गावचा एक तरुण साकोलीला राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. मित्र सायन्सला गेले, म्हणून त्यालाही सायन्स हवे. आता बघा, सायन्स म्हटले की प्रयोगशाळेत हजेरी आली. प्रयोग दुपारी, अन् मिलही दुपारीच. दोन महिन्यांत एक तर नोकरी सुटते, नाहीतर कॉलेज. फी जाते ती जातेच, वर मन खचते ते वेगळे. त्याने वाणिज्य घेतले तर? जमाखर्च त्याच्या रोजच्या हातातला. दिवसाचे काम रात्रीच्या अभ्यासाला उपयोगी पडेल.

म्हणून विज्ञानाची ओढ मारून टाका, असे मी म्हणत नाही. ओढ खरी असेल तर आधी मालकाशी वेळेचे बोलून घ्या, मग नाव घाला.

फॉर्म भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वेळ. हिवाळी परीक्षा येते तीच मुळी धानाच्या कापणी-मळणीच्या दिवसांत. तेव्हा घरी हात कोण देणार, हे आजच घरच्यांशी बोला. दुसरी, पुढचा बेत. राज्यसेवेच्या परीक्षेला साधारणपणे कोणतीही पदवी चालते. पण माध्यमिक शाळेत शिक्षक व्हायचे तर शाळेत शिकवला जाणारा विषय पदवीला हवा, आणि वर बी.एड. तिसरी, मान्यता. दूरशिक्षणाच्या त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी पाहा. मान्यता असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

आणि गुरुजी, बाई, आपल्यालाही एक विनंती. गावातला असा मुलगा किंवा मुलगी विचारायला आली, तर “आर्ट्स सोपे, ते घे” असे सांगून वाटेला लावू नका. दोन-तीन विषयांचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या हाती द्या. म्हणावे, आठवडाभर कामावरून आल्यावर रोज तासभर हे वाचून पाहा. कोणत्या पुस्तकावर डोळा लागतो आणि कोणते पुढे वाचावेसे वाटते, ते त्यांचे त्यांनाच कळेल. मग फॉर्म भरू द्या.