मोबाइलवरची अक्षरओळख

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)

मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या माझ्या बालमित्रांनो! मान खाली कशासाठी आहे ते मला ठाऊक आहे. चालू द्या, विषय तुमचाच आहे.

सेक्रेटरीसाहेबांनी मला ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ असा विषय दिला होता. मी तो थोडा बदलून घेतला, कारण या बाबतीत पहिली चूक माझीच. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, नोट जमिनीत पुरली तरी उपग्रहावरून सरकारला कळतं, असा एक मेसेज आला आणि मी तो आपल्या ग्रुपवर पाठवून दिला. जन्मभर बँकेत नोटा हाताळलेला माणूस! वर पंधरा-वीस जणांनी अंगठेही दिले. दुसऱ्या दिवशी बी विंगमधली नववीतली एक मुलगी लिफ्टपाशी भेटली. म्हणाली, ‘‘आजोबा, त्या मेसेजवर तारीख नाही, कोणी लिहिलंय ते नाही. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर चिपबद्दल काहीच नाहीये.’’

मी ओशाळलो. अहो, बँकेत मी दुसरं काय करत होतो? चेक आला की तारीख पाहायची, अक्षरी आणि आकडी रक्कम जुळते का पाहायचं, सही नमुन्याशी ताडायची. खाडाखोड दिसली की थांबायचं. तीन महिने उलटले की चेक शिळा (२०१२ पूर्वी सहा महिने चालायचा). अक्षर कितीही सुबक असो, एवढं पाहिल्याशिवाय चेक पास केला नाही. आणि हा मेसेज मात्र डोळे मिटून पास केला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये मुलं आपापले मोबाइल घेऊन येतात. आलेला एक फॉरवर्ड घ्यायचा आणि चेकसारखा तपासायचा, एवढाच आमचा वर्ग. दहा रुपयांची काही नाणी खोटी आहेत, असं मध्यंतरी सगळीकडे फिरत होतं. मुलांनी रिझर्व्ह बँकेचं जानेवारी २०१८ चं पत्रक शोधून काढलं. चौदा नमुन्यांची नाणी निघाली आहेत आणि सगळी चालतात, असं त्यात स्पष्ट होतं. धड्याखालचे प्रश्न म्हटले की जांभया देणारी ही मुलं ते पत्रक शब्द न् शब्द वाचत होती. ‘वैध चलन’ म्हणजे काय, यावर वाद घालत होती. मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही त्यांनी ते वाचून दाखवलं. त्याला किती पटलं देव जाणे, पण नाणी घ्यायला लागला.

मुलं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, भाषा बिघडली, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. आपणही तार करताना शब्दागणिक पैसे पडतात म्हणून व्याकरण गुंडाळून ठेवत होतोच की! मी एवढंच सांगतो की इंग्रजी अक्षरांत ‘पण’ आणि ‘पान’ सारखेच दिसतात, घोटाळा झाला तर तुमचाच होईल. हळूहळू मराठी कीबोर्ड घेतात.

पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. दोन वर्षांपूर्वी आपल्या तेव्हाच्या वॉचमनचा मुलगा वर्गाला यायचा. आठवीत होता. रील बनवायचा, माझ्या फोनचं काही अडलं तर तोच लावून द्यायचा. ग्रुपवर मात्र कायम बोलून मेसेज. एकदा मी त्याला म्हटलं, जरा मोठ्याने वाच. पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो आलाच नाही. पुढच्या रविवारीही नाही. तेव्हा उलगडा झाला, की पोराला धड वाचताच येत नव्हतं. चित्र आणि आवाज यांवर तो सगळं निभावून नेत होता, आणि आम्ही त्याला हुशार समजत होतो. (हुशार होताच, त्याशिवाय का निभावलं?) ‘प्रथम’ संस्थेच्या २०२३ च्या ‘असर’ पाहणीत २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुलं होती. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि तरी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता.

पहिलीचं पुस्तक हातात दिलं असतं तर तो फिरकला नसता. म्हणून त्याने बोलून पाठवलेले मेसेजच मी कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यायचो. वाक्य त्याचंच, तोंडात बसलेलं, त्यामुळे बोट ठेवलं की कुठला शब्द कुठे ते कळायचं. जोडाक्षरांपाशी दोन महिने अडकलो. मीही चिडायचो, तोही चिडायचा. एकदा कागद टाकून निघून गेला, संध्याकाळी परत आला.

कुटुंब आता पलीकडच्या सोसायटीत कामाला आहे, पण तो येतो. गेल्या महिन्यात तिथल्या टाकी सफाईची नोटीस त्याने वडिलांसाठी स्वतः टाइप केली आणि आधी मला पाठवली. ‘पाणी’मधला ‘णी’ बरोबर होता. ‘स्वच्छता’ही बरोबर. तारीख घालायची राहिली होती. मी परत पाठवली.