दुसऱ्यांदा कोण जातं?

(1980 च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा, डिसेंबर 2025. भाषणाचा मजकूर.)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय, 'ग्रामीण भागातील गरजू कुटुंबे आणि आपली सामाजिक बांधिलकी'. विषय ऐकल्यावर मला आपली निबंधाची वही आठवली. मराठीचे सर समोरच बसलेत, तेव्हा व्याकरण सांभाळून बोलते. पण निबंध आणलेला नाही, सर. नोकरीतली शेवटची अकरा वर्षं मी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर काढली. ही योजना सुरू झाली 1980 साली, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी. त्या टेबलाच्या अलीकडून जे दिसलं, तेवढंच मला बोलता येतं.

आधी एक आठवण करून देते. 1972 च्या दुष्काळात आपण आठ वर्षांचे होतो. आज इथं सुटाबुटात बसलेल्या किती जणांच्या आया खडी फोडायला जायच्या, ते मी मोजणार नाही. ज्याचं त्याला माहीत आहे. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी आपण खाल्लेली आहे. आपल्यातल्या काही जणी आईच्या मागं कामावर जाऊन सुकडीच्या रांगेत धाकट्या भावालाही उभं करायच्या, दोन वाटे मिळावेत म्हणून. त्यामुळं 'गरजू कुटुंबे' हा शब्द या सभागृहात कुणासाठी परका नाही.

आपल्या शाळेत तेव्हा दोन जिल्ह्यांची मुलं यायची, नांदेडची आणि उस्मानाबादची. लातूर जिल्हा नव्हताच, तो झाला 1982 साली. या दोन्ही बाजूंना आपत्ती आली की मदत येते, हे मी छातीठोकपणे सांगते. किल्लारी आठवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतरच्या आठवड्यात औशाच्या रस्त्यानं ट्रकच्या रांगा लागल्या होत्या. औषधं, धान्य, भांडी, आणि कपडे तर इतके आले की रस्त्याच्या कडेला ढीग पडले, कुणी उचलेना. देणाऱ्यांनी मनापासून दिलं होतं, पण चिखलात उभ्या असलेल्या बाईला टेरिकॉटच्या पँटा काय करायच्या होत्या?

मग ट्रक परत गेले. बोलायचं आहे ते त्यानंतर जे थांबले त्यांच्याबद्दल.

शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुलं पुण्याला शिकायला नेली. मुलं नेणं एकवेळ सोपं; ती शिकून बाहेर पडेपर्यंत त्यांचं जेवण, आजारपण, सुट्टीत गावाकडं जाणं, परत येणं हे सगळं वर्षानुवर्षं सांभाळणं अवघड. ते त्यांनी केलं. दुसरं काम कमी लोकांना माहीत आहे. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या बायकांनाच घरदुरुस्तीच्या कामात उतरवलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणायचे. सरकारचा हप्ता कधी येणार, भिंतीला काय बांधायचं, मिस्त्री फसवतोय का, हे गावातली चौथी शिकलेली बाई बघायची. आणि 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या याच बायका तिकडं गेल्या, तिथल्या बायकांना सांगायला, की आमच्याकडं असं झालं होतं आणि आम्ही असं केलं. आठ वर्षांपूर्वी ज्यांना मदत मिळाली, त्या मदतीला निघाल्या. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, माझा काही संबंध नसताना.

2015 च्या दुष्काळात पुन्हा सगळ्यांचं लक्ष मराठवाड्याकडं वळलं. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरच्यांना पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश दिले, त्यातून 'नाम' उभी राहिली. पुढच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. मदत कमी पडते अशी माझी तक्रार नाही. मदतीची तारीख आणि घर बुडण्याची तारीख, या दोन्ही जुळत नाहीत, एवढंच मला टेबलावरून दिसलं.

ते कसं, ते एका बाईच्या उदाहरणानं सांगते. नाव-गाव सांगणार नाही.

नवरा 2015 च्या पावसाळ्यात गेला. पदरात दोन लेकरं. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला शासन एक लाख रुपये देतं, तीस हजार हातात आणि सत्तर हजार बँकेत ठेव म्हणून. पण त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. याचं कर्ज होतं गावातल्या माणसाचं, तोंडी. परवाना कसला आणि पावती कसली! प्रकरण अपात्र ठरलं. एका संस्थेनं तालुक्याला कार्यक्रम घेऊन तिला दहा हजारांचा धनादेश दिला. व्यासपीठावर डोईवर पदर घेऊन ती उभी राहिली, फोटो निघाला. धनादेशावर तिचं सासरचं नाव होतं. बँकेच्या पासबुकावर माहेरचं. तो वटला नाही. संस्थेचा फोन नंबर तिच्याकडं नव्हता, आणि संस्थेकडं ती दुसऱ्या गावात राहायला गेल्याची खबर नव्हती.

2016 च्या उन्हाळ्यात ती माझ्या टेबलापाशी आली. निराधार योजनेसाठी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा रहिवासी दाखला लागतो. माहेर कर्नाटकातलं, बिदर बाजूचं. शाळेचा दाखला कानडीत. आपल्या सीमेवरच्या सगळ्या तालुक्यांत, देगलूर, मुखेड, उदगीर, हे रोजचं आहे; मुली तिकडून येतात, सुना होतात, आणि विधवा झाल्या की कागदावर कुठल्याच राज्याच्या नसतात. रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर, ते वेगळं करायला सासरा तयार नाही, कारण कार्ड वेगळं झालं की उद्या वारसाची नोंद मागेल आणि सातबाऱ्यावर येईल. एका कागदामागं दुसरा कागद, आणि त्याच्यामागं घरातलं भांडण.

उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला 21,000 रुपये. तीनशे रुपये रोजानं खुरपायला गेलेली बाई सत्तर दिवसांत तिथं पोचते. म्हणजे जगायला पुरेल इतकं काम केलं तर ती निराधार राहत नाही. हा आकडा कुणी बसवला ते असो. मी नोकरीत होते तेव्हा त्याबद्दल बोलायची सोय नव्हती, आता आहे म्हणून बोलून घेते.

त्या बाईचं काम झालं ते कुणा योजनेमुळं नाही. आपल्याच वर्गातल्या एका मास्तरामुळं. तो आज इथं बसलाय आणि नाव घेऊ नको म्हणालाय, म्हणून घेत नाही; मागच्या रांगेत कोण मान खाली घालतंय ते बघा. हा माणूस तिला मोटारसायकलवर बसवून, तिच्या जावेला सोबत घेऊन, तीन जण एका गाडीवर, सात वेळा तहसिलात आला. कानडी दाखला वाचून घ्यायला उदगीरला गेला. सासऱ्याच्या ओट्यावर चार संध्याकाळी जाऊन बसला, पहिल्या दोन संध्याकाळी नुसता पीकपाण्याच्या गप्पा मारत. कार्ड वेगळं झालं. पगार मंजूर झाला. निराधारांच्या अनुदानाला आपल्याकडं पगारच म्हणतात. आता तो दीड हजार आहे. मग दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पगार थांबतो. पुढं आधार जोडणी आली, तेव्हा पुन्हा थांबला. दर वेळी हा गेला. पोरांसाठी बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागं महिन्याला 2250 रुपये, हे तिला त्यानंच सांगितलं. तुमच्या ओळखीत बाप गेलेलं लेकरू असेल तर हे घरी गेल्यावर आधी सांगा, कारण गावात दहातल्या आठ जणांना ही योजना माहीत नाही.

शेवट गोड झाला असं नाही. मुलगी नांदेडला नर्सिंग शिकतेय. मुलगा नववीतून सुटला, मुकादमाची उचल घेऊन दोन हंगाम झाले, कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातोय. यंदा दिवाळीनंतर गेलाय. मास्तर त्याला अजून फोन करतो. पोरगं उचलत नाही.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात तुम्ही सगळे जेवला असाल. तिथं ताटावर बसलेल्याला कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही, आणि उद्या पुन्हा गेलात तरी पुन्हा वाढतात. आमच्या कार्यालयाला तसं वागता येणार नाही, सरकारचा पैसा आहे, हिशोब लागतो. पण मैत्रीच्या पैशाला तसं वागता येतं. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांचं सेवालय आहे, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी. 2007 पासून. सुरुवातीला विरोध झाला. ती मुलं मोठी झाली, त्यांची लग्नंही तिथंच लागली. तिथं जाऊन या एकदा. जाताना जुने कपडे नेऊ नका, एवढं सांगते.

आता आपल्या पैशाकडं येते. यंदा ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावाकडं पाणी शिरलं, पुढं सप्टेंबरात सगळ्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आपल्या ग्रुपवर तीन दिवसांत पैसे जमले, धान्याची किट आणि चादरी वाटल्या, फोटो टाकले. चांगलं झालं. सोयाबीन शेतातच कुजलेल्या घराला पंधरा दिवसांचा शिधा मिळाला. त्यातले 84,000 रुपये शिल्लक आहेत, आणि त्याचं काय करायचं यावर ग्रुपवर दोन सूचना आहेत. एक, शाळेला प्रवेशद्वाराची कमान, वर आपल्या तुकडीचं नाव. दुसरी, पुढच्या मेळाव्यात व्यासपीठावर आठ विधवांना दहा-दहा हजारांचे धनादेश.

कमानीला माझा विरोध नाही, पण त्यासाठी वेगळी वर्गणी काढा. मुख्याध्यापकांना विचाराल तर ते मुलींच्या स्वच्छतागृहाला आधी पाणी मागतील, असा माझा अंदाज आहे. धनादेशांना मात्र विरोध आहे, आणि तो मी इथं सगळ्यांसमोर नोंदवते. फोटोसाठी त्या बायांना व्यासपीठावर बोलावू नका. त्यांना वर्षभर गावात तो फोटो घेऊनच वावरावं लागतं. 'तुला काय बाई, लाख मिळाले' असं विहिरीवर ऐकावं लागतं, मिळालेले असोत वा नसोत. आणि दहा हजार रुपये उसनवारीत एका दिवसात जातात.

माझी सूचना अशी आहे. घरं आठच घ्यायची. एका घरामागं आपल्यातले दोन जण, एक जवळ राहणारा आणि एक लांबचा. जवळच्यानं तीन महिन्यांतून एकदा घरी जायचं, काही घेऊन नव्हे, नुसतं जायचं. पगार सुरू आहे का, वारसाची नोंद झाली का, कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार आले का, पोरगी शाळेत जाते का, हे विचारायचं. लांबच्यानं, म्हणजे पुण्या-मुंबईवाल्यांनो तुम्ही, महिन्याला एक फोन करायचा. पैसा लागेल तो जीपभाड्याला, झेरॉक्सला, बुडालेल्या रोजाला, फीच्या हप्त्याला. एका घरामागं वर्षाला साडेतीन हजार धरले तर शिल्लक रकमेत तीन वर्षं निघतात. तीन वर्षं का, तर माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक बाया नवरा गेल्यावर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वर्षी यायच्या. पहिलं वर्ष दुःखात आणि पाहुण्यांच्या आधारावर जातं. सावकार दुसऱ्या वर्षी दारात येतो. लेकरू शाळेतून निघतं तेही तेव्हाच.

मला माहीत आहे, आपण सगळे साठी ओलांडलेले आहोत. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाची बायपास झाली, कुणी नातवंडं सांभाळायला बेंगळुरूला असतं. म्हणून तर आठ म्हणाले, ऐंशी नाही. आणि आपल्याकडं एक गोष्ट आहे जी तरुण कार्यकर्त्यांकडं नसते. तहसिलात, बँकेत, पंचायत समितीत आपण गेलो की खुर्ची मिळते. ती बाई दोन तास भिंतीला टेकून उभी असते. आपण तिच्याशेजारी नुसते बसलो तरी काम लवकर होतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण आहे.

आठ घरांची यादी माझ्याकडं आहे. ती इथून वाचणार नाही, ग्रुपवरही टाकणार नाही. वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे, तिथं फक्त तालुके लिहिलेत: मुखेड तीन, कंधार दोन, अहमदपूर दोन, जळकोट एक. तुम्हाला जो सोयीचा असेल त्याच्यापुढं नाव लिहा, नंबर लिहा, मग घर कुठलं ते मी एकट्याला सांगेन. मुखेडच्या दोन घरांसाठी कानडी वाचता येणारं कुणीतरी हवं आहे. उदगीरवाल्या बहिणींनो, तुमच्याकडंच बघतेय मी. जळकोटचं घर वाडीवर आहे, पावसाळ्यात गाडी जात नाही, तिथं पायाने धड असलेला माणूस लागेल.

जेवण वाढलंय असं संयोजक खुणावतायत. वही जेवणाआधी बघा, जेवल्यावर कुणी थांबत नाही.